पाण्यातला हिरा

शेवटचा पेशंट सव्वासातला गेला.
तळघरात आता मी, यंत्र,
आणि पारदर्शक टाकीत भरलेलं पाणी,
माणसाच्या ऐवजी ठेवलेलं.
किरणांना फारसा फरक कळत नाही.
पाणी मात्र विचारत नाही,
अजून किती दिवस.

वर लिएपायाचा वारा पार्किंगमधली पाटी वाजवत असेल.
इथे दोन मीटर काँक्रीटच्या आत
नुसती पंख्याची घरघर.

लादी पुसता पुसता झिनाइदा दारात थांबते,
रोजच्यासारखी:
"खरंच आहे का त्यात हिरा?"
आहे.
"मग दाखव की."
दाखवता येत नाही. काळ्या प्लास्टिकच्या नळीत,
टोकापासून मिलिमीटरभर आत,
कापून पडलेल्या नखाएवढा.
एकोणीस वर्षं त्याच्या शब्दावर चालते मी,
तोंड कधी पाहिलं नाही.
"माझ्या नवऱ्याचं उलटं," ती म्हणते,
"तोंड रोज बघते,
शब्दावर काडीचा भरवसा नाही."

हा जुन्या जातीचा, जमिनीतून आलेला.
नवे प्रयोगशाळेत थरावर थर चढवून वाढवतात;
ते शहाणे, विचारलं की बोलतात.
याला आधी किरण पाजावे लागतात.
आत खळगे आहेत, मानवाआधीचे,
पहिला घोट सगळा त्यांतच मुरतो,
आकडा डगमगतो, घसरतो,
मग कधीतरी एका जागी बसतो.
तोवर त्याचं ऐकायचं नाही.
रात्रीतून विसरतो. उद्या परत पाजा.

ओयार्सही पहिल्या दोन भेटींत
हो-नाहीच्या पुढे गेला नाही.
बंदरात टगबोटीचं इंजिन सांभाळतो.
तिसऱ्या खेपेला, मुखवट्याचं माप घेताना
एवढंच म्हणाला:
"मिशी काढावी लागेल?"
गाठ आहे दृष्टीच्या नसेला खेटून,
वाटाण्याहून लहान.

बीम आठ मिलिमीटर.
आमचं नेहमीचं चेंबर त्यात मावत नाही.
त्याची हवेची पोकळी
मधल्या उजेडाबरोबर काठाचा अंधारही गोळा करते
आणि दोन्हींची सरासरी सांगते,
प्रामाणिकपणे,
चूक.

हिरा कवडशाच्या आत बसतो.
शिवाय तो कार्बन, निव्वळ कार्बन,
आपल्या मांसाचा लांबचा भाऊ;
त्याच्यातून जाताना किरण
परक्याच्या घरात शिरल्यासारखे वागत नाहीत.

नऊ चाळीस.
चेंबरपेक्षा हिरा सात टक्के जास्त सांगतोय.
परत घेते. सात.
नळी अर्धा मिलिमीटर सरकवते, मध्य शोधते,
दम धरून पुन्हा.
सहा पूर्णांक नऊ.

बीम अशक्त आहे, असं चेंबर सांगत होतं,
म्हणून आराखड्यात आम्ही भर घातली होती.
त्या नसेजवळ, पाच दिवस, रोज,
सात टक्के वरून ओतणार होतो,
काळजीपोटी.

अशा वेळी घंटा वाजत नाही.
मी खुर्ची ओढते, आराखडा उघडते,
उद्याची साडेआठची वेळ पुढे ढकलते.
कारणाच्या रकान्यात एक शब्द: मोजमाप.
त्या रकान्यात मावत नाही तो प्रश्न
मी वेगळ्या यादीत शोधते:
या आठ मिलिमीटरमधून आजवर कोण कोण गेलं?
कुणी नाही. हा पहिलाच.
यादी तरी दोनदा वाचते.
मग तिसऱ्यांदा, बोट लावून.

"काय म्हणाला तुझा हिरा?"
झिनाइदा बादली उचलते.
थांब म्हणाला.
"एवढंच?"
एवढंच.

नळी पुसते, डबीत ठेवते.
केबल गुंडाळताना लक्षात येतं,
ओयार्सला मिशीचं उत्तर द्यायचं राहिलंय.
सकाळी फोन करीन, वेळ बदलल्याचं सांगायला,
तेव्हा आधी तेच सांगेन:
राहू द्या. मुखवट्यात मावते.